बाहुलीच्या वेशातला राखणदार

झिपरीला लिफ्टचा आवाज ओळखता यायचा. लिफ्ट आली एवढंच नव्हे, आतून कोण उतरणार हेही तिला कळायचं. चौथ्या मजल्यावरच्या काकू असल्या किंवा कॉलेजातून परतलेला मुलगा असला, तर ती पडल्यापडल्या फक्त शेपूट हलवायची. पण अनोळखी पाऊल वाजलं की साडेसहा किलोचा तो केसांचा गोळा दाराशी जाऊन उभा राहायचा आणि छातीतून असा आवाज काढायचा, की पार्सलवाला दोन पावलं मागे सरकायचा. दार उघडल्यावर तो खाली बघायचा आणि हसायचा. ‘एवढुसंच आहे होय!’ झिपरीला हे हसणं अजिबात आवडायचं नाही.

झिपरी ल्हासा अप्सो जातीची आहे, आता तेरा वर्षांची. तिच्यामुळे ओळखीपाळखीतली माणसं मला या कुत्र्यांबद्दल विचारतात. आणायच्या आधी विचारणारे कमी, आणल्यावर सहा महिन्यांनी विचारणारे जास्त. तक्रारी ठरलेल्या असतात. फार भुंकतो. केसांच्या जटा झाल्यात आणि हात लावू देत नाही. धाकटीवर गुरगुरला. आणि शेवटी एक वाक्य हमखास येतं, ‘आणलं तेव्हा अगदी बाहुलीसारखं होतं हो!’

गडबड त्या बाहुलीतच आहे. ल्हासा मांडीवर बसवायला तयार झालेलं कुत्रं नाही. ते राखणीचं कुत्रं आहे, फक्त आकाराने लहान आणि केसांनी झाकलेलं. एवढं एक डोक्यात ठेवून पिल्लू आणलं, तर पुढचे निम्मे वैताग टळतात.

ल्हासा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे. तिथल्या मठांत आणि बड्या घरांत राखणीच्या दोन फळ्या असत. बाहेर दाराशी साखळीला बांधलेला दांडगा तिबेटी मॅस्टिफ आणि आत, उबेला, हा छोटा. मोठ्याला चुकवून कोणी आत शिरलंच, तर याने कल्ला करून घर जागं करायचं. तिबेटी लोक त्याला ‘अप्सो सेंग क्ये’ म्हणत. भुंकून राखण करणारा सिंह, असा त्याचा ढोबळ अर्थ लावतात. हा बाजारात मांडायचा प्राणी नव्हे, मानाने भेट द्यायचा. सिक्कीममध्ये ब्रिटिश सरकारचे राजकीय अधिकारी असलेल्या एफ. एम. बेली यांनी आणि त्यांच्या पत्नीने १९२८ साली काही कुत्री इंग्लंडला नेली. तेराव्या दलाई लामांनी १९३३ मध्ये सायडम कटिंग या अमेरिकन प्रवाशाला एक जोडी भेट दिली आणि तिथून अमेरिकेतला वंश वाढला. तेव्हा वन-बीएचकेमध्ये बेल वाजली की तुमचा ल्हासा ओरडतो, तो बिघडलेला म्हणून नव्हे. तो कामावर असतो.

केसांचंही तसंच. ल्हासाचा वरचा केस जाड, सरळ आणि हाताला किंचित राठ लागतो. खाली मऊ लव असते. डोळ्यांवर येणारी झुलपं वारा, धूळ आणि बर्फावरची तिरीप अडवायला. ही सगळी तयारी त्या पठारासाठी होती, नागपूरच्या मे महिन्यासाठी नव्हे. म्हणून आधीच सांगतो, विदर्भात किंवा मराठवाड्यात राहत असाल, दुपारभर घर बंद असेल आणि कूलर किंवा एसी लावून ठेवणं परवडणार नसेल, तर हा विचार सोडून द्या. रस्त्यावरची पिल्लं हुशार असतात, आपल्या उन्हाला सरावलेली असतात आणि त्यांना घरांची गरज जास्त आहे.

तरी घ्यायचाच असेल तर काय घेता आहात ते नीट पाहा. आपल्याकडे ‘ल्हासा’ म्हणून काहीही विकतात. शिह त्झूचं पिल्लू, स्पिट्झचा संकर, नुसतं केसाळ म्हणून कसलंही. ल्हासा आणि शिह त्झूमध्ये तर भलेभले फसतात. इंग्लंडमध्येही १९३० च्या दशकापर्यंत दोघांची सरमिसळ चालली होती. खूण नाकात आहे. शिह त्झूचा चेहरा चपटा, डोळे मोठे, गोल आणि समोर आलेले. ल्हासाचं नाक त्याहून लांब, नाकाच्या शेंड्यापासून डोळ्यापर्यंतचं अंतर डोक्याच्या एकूण लांबीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकं. डोळे बदामी, थोडे आत. फरक नुसता रूपाचा नाही. शिह त्झू आल्यागेल्याच्या गळ्यात पडतो. ल्हासा आधी चौकशी करतो. घरात माणसांचा राबता असेल, शिकवणीची मुलं येत असतील, तर शिह त्झू जास्त निभावेल. रूप आवडलं म्हणून ल्हासा घेऊन त्याच्याकडून शिह त्झूच्या स्वभावाची अपेक्षा करायची, यातून दोघांचेही हाल होतात.

पिल्लू मुठीत मावणारं, ‘अगदी तान्हं’ आहे म्हणून भाव सांगत असतील तर मागे फिरा. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वानपैदास नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याकडे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. नियम नसता तरी मी हेच सांगितलं असतं. आईजवळ आणि भावंडांत राहिल्यावरच पिल्लाला कळतं, की किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो. हा धडा चुकलेलं पिल्लू पुढे तुमच्या हातावर तो गिरवतं. पिल्लाची आई बघायला मागा. ती तुमच्यावर भुंकली तर बिघडत नाही, पण मालकाने ‘बास’ म्हटल्यावर शांत झाली का ते बघा. आई दाखवायला टाळाटाळ झाली तर व्यवहार तिथेच संपवा.

पिल्लू घरी आलं की पहिला दीड महिना सोन्याचा. कुत्र्याच्या पिल्लाचं मन साधारण तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंत सताड उघडं असतं. या काळात जे सहज भेटलं ते आपलं, बाकीचं संशयास्पद. ल्हासाच्या बाबतीत हे दार जरा जोरातच बंद होतं. अडचण अशी, की नेमक्या याच काळात लसी पूर्ण झालेल्या नसतात. पार्व्हो आणि डिस्टेंपर ही पिल्लं दगावणारी दुखणी असल्यामुळे त्याला रस्त्यावर सोडता येत नाही. मग कडेवर घ्या. आम्ही झिपरीला रोज संध्याकाळी शबनममध्ये घालून कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत न्यायचो. हेल्मेट घातलेला माणूस, छत्री उघडणारी बाई, घंटागाडी, कुकरची शिट्टी, काठी टेकत येणारे आजोबा, हे सगळं तिने पिशवीतून डोकं काढून पाहिलं. तेवढी मेहनत तेव्हा घेतली म्हणून आज ती डॉक्टरांच्या टेबलावर उभी राहते.

आता भुंकण्याचं. ते पूर्ण बंद करण्याच्या फंदात पडू नका. ते रक्तात आहे. ते आटोक्यात आणता येतं. कुत्रं भुंकायला लागलं की घरातून कोणीतरी आतूनच ‘ए गप्प’ म्हणून ओरडतं. त्याला वाटतं, वा, आता सगळेच भुंकताहेत, म्हणजे धोका मोठा दिसतोय. तो आणखी चेकाळतो. त्याऐवजी उठा, दाराशी जा, डोळा लावून बाहेर बघा आणि शांत आवाजात म्हणा, ‘बघितलं. बास.’ मग त्याला नाव घेऊन दारापासून दूर बोलवा आणि आल्यावर हातात काहीतरी द्या, चण्याएवढा पनीरचा तुकडा पुरतो. राखणदाराने खबर दिली, मालकाने घेतली, काम संपलं. पहिले तीन आठवडे हा उठण्याबसण्याचा व्यायाम कंटाळवाणा होतो. पण एकदा बसलं की तो दोनदा भुंकून तुमच्या तोंडाकडे बघतो. शेजाऱ्यांशी संबंध टिकवायला ‘दोनदा’ पुरेसं असतं. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही हे खरं, पण कायद्याचा कागद दाखवून शेजार गोड होत नाही.

शिकवताना एक लक्षात ठेवा. लॅब्रेडॉर तुम्हाला खूश करायला शिकतो. ल्हासा त्यात आपला काय फायदा ते बघतो. तो मठ्ठ नसतो. त्याला पहिल्याच वेळी समजलेलं असतं, फक्त आत्ता बसावं का नाही याचा तो विचार करत असतो. एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, एवढंच शिकवा. पाचव्यांदा तेच सांगितलंत तर तो उठून पंख्याखाली जाऊन पडेल. मारलंत, कान पिरगाळलात, शू केलेल्या जागी नाक घासलंत तर सगळं मुसळ केरात. ही कुत्री डूख धरतात असं नाही म्हणणार मी, पण हिशोब ठेवतात. शू-शीचं शिक्षण वेळापत्रकाने होतं. झोपून उठलं की, खाल्लं की, खेळून झालं की लगेच ठरलेल्या जागी न्यायचं, केलं की तिथल्या तिथे शाबासकी. चुकून घरात केलं तर न बोलता पुसून टाका. फिनेलऐवजी व्हिनेगरच्या पाण्याने पुसा, म्हणजे वास कमी राहील आणि तीच जागा पुन्हा निवडली जाणार नाही.

लहान मुलांबद्दल मला स्पष्ट बोलावंसं वाटतं. घरात पाच-सहा वर्षांच्या आतलं मूल असेल तर ल्हासा घेऊ नका. मुलाला त्यात बाहुली दिसते. ते मिठी मारतं, केस ओढतं, झोपलेल्याला उचलतं. ल्हासा आधी मान फिरवतो, मग ओठ चाटतो, मग अंग ताठ करतो, मग गुरगुरतो. यातल्या पहिल्या तीन गोष्टी केसांमुळे कोणाला दिसतच नाहीत. चौथीला आपण त्याला दटावतो. मग पुढच्या वेळी तो गुरगुरण्याची पायरी वगळतो आणि आपण म्हणतो, काही कारण नसताना चावला! गुरगुरणं हा सभ्यपणा आहे. त्याबद्दल शिक्षा करू नका, कारण शोधा. मोठ्या मुलांना नियम सांगा. खात असताना आणि झोपलेला असताना हात लावायचा नाही, आणि तो स्वतः जवळ आला तरच खेळायचं. हे पाळलं तर सात-आठ वर्षांच्या मुलांशी त्याचं छान जमतं.

बरं, हे सगळं ऐकून ल्हासा म्हणजे खडूस म्हातारा वाटेल. थोडा असतोच. पण घरच्या माणसांपुढे त्याचं वेगळंच रूप असतं. तीन वर्षांपर्यंत तर तो पिल्लूच राहतो. संध्याकाळी अचानक अंगात आल्यासारखा हॉलच्या चकरा मारतो आणि मग धापकन तुमच्या पायांवर पडतो. तो चिकटत नाही, पण तुम्ही ज्या खोलीत असाल तिथे असतो, बहुधा दार आणि तुम्ही दोन्ही दिसतील अशा जागी. मी तापाने आठवडाभर पडून होतो तेव्हा झिपरी खाण्यापुरती उठत होती.

आता केस. इथे जरा थांबावं लागेल, कारण ल्हासा सोडून देणाऱ्यांपैकी निदान निम्मे तरी केसांपायी हरलेले असतात असा माझा अंदाज आहे. ‘केस गळत नाहीत ना?’ हा प्रश्न सगळे खुशीने विचारतात. उत्तर आहे, फारसे गळत नाहीत. पण जो केस गळून जमिनीवर पडत नाही तो जातो कुठे? शेजारच्या केसात अडकून बसतो. तिथेच गुंता. आधी काखेत, मग कानामागे, मांडीच्या आत, जिथे पट्टा घासतो तिथे. वरून हात फिरवला तर मखमल आणि आत कातडीलगत नमदा जमलेला. त्याखाली हवा जात नाही, ओल राहते, कातडी लाल होते आणि प्रत्येक पावलाला केस ओढला जातो. तुम्हाला वाटतं कुत्रं चिडचिडं झालंय. त्याला दुखत असतं.

साधनं दोनच लागतात. लांब दातांचा पिन ब्रश आणि स्टीलची फणी, एका बाजूने विरळ, एका बाजूने दाट. बाकीचं दुकानदाराच्या समाधानासाठी. कोरडा केस कधी विंचरू नका, तुटतो. फवारणीच्या बाटलीत पाणी आणि चमचाभर कुत्र्यांचं कंडिशनर घालून हलका फवारा मारा. आमची पद्धत अशी. रात्रीच्या बातम्या लागल्या की झिपरी सतरंजीवर कुशीवर पडते. पोटाकडून सुरुवात करायची. एका हाताने वरचे केस वर धरायचे, खाली कातडी दिसेल असा आडवा भांग पाडायचा, तेवढीच एक ओळ ब्रशने खाली आणायची, मग फणी कातडीपासून टोकापर्यंत. फणी अडली नाही तर पुढची ओळ, बोटभर वर. असं पाठीपर्यंत. नुसतं वरवर ब्रश फिरवणं म्हणजे भिंतीला ओल आलेली असताना रंग देणं. रोज दहा मिनिटांत एक कूस होते, दुसऱ्या दिवशी दुसरी. रविवारी एकदम करू म्हणाल तर दीड तास लागेल आणि पुढच्या रविवारी ब्रश बघून तो पलंगाखाली जाईल.

गाठ सापडली की बोटांनी मोकळी करा. चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळलं तर केस सुटे व्हायला मदत होते. मग फणीच्या टोकाच्या दाताने, बाहेरून आत, थोडं थोडं. गाठीच्या मुळाशी दुसऱ्या हाताने केस दाबून धरा, म्हणजे कातडीला ओढ बसत नाही. कात्री नको. हे मी शहाणपणाने नाही, अपराधी भावनेने सांगतोय. झिपरी वर्षाची असताना कानामागची गाठ कापायला मी कात्री लावली. गाठीत केसांबरोबर कातडीही ओढलेली असते हे मला माहीत नव्हतं. ती एकदाच किंचाळली. दोन टाके पडले आणि पुढचे चार महिने मी त्या बाजूने हात नेला की ती मान काढून घ्यायची. सुटत नसेल अशी गाठ मशीनने काढून घ्या, केस पुन्हा येतात.

साधारण नवव्या महिन्यापासून वर्षापर्यंत पिल्लाचा मऊ केस जाऊन मोठ्याचा येतो. त्या दोन-तीन महिन्यांत सकाळी सोडवलेला गुंता संध्याकाळी परत होतो. बहुतेक लोक नेमके तेव्हाच हात टेकतात. आपलंच काही चुकतंय असं वाटून घेऊ नका, तो काळ सरतो.

अंघोळ तीन आठवड्यांतून एकदा पुरे, पावसाळ्यात लागली तर थोडी लवकर. आधी विंचरा, मग न्हाऊ घाला. उलट केलंत तर पाण्याने गाठ आवळून बसते. आपला शाम्पू वापरू नका, कुत्र्याच्या कातडीला तो आम्लधर्मी पडतो. केसांना फेस खसाखसा न चोळता केसांच्या दिशेने दाबत न्या. आणि मुळापर्यंत वाळवा, ड्रायर थंड किंवा कोमट ठेवून. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर अर्धवट ओला ल्हासा म्हणजे बुरशीला आमंत्रण. कानात वास यायला लागला, तो सारखं डोकं झटकायला लागला, की समजा.

जमिनीपर्यंत लोळणारे केस फोटोत आणि डॉग शोमध्ये शोभतात. घरगुती ल्हासाला मी आखूड कापाच्याच बाजूने आहे. दर सहा-आठ आठवड्यांनी अंगावर पाऊण ते एक इंच ठेवून कापून घ्या. पण पार्लरवाल्याला इंचात सांगा. ‘उन्हाळा आहे, कमी करा’ एवढंच म्हणालात तर तो झिरो मशीन फिरवतो. आम्हाला एकदा अशी गुलाबी, सोललेली झिपरी परत मिळाली होती. कातडीपर्यंत भादरलेल्या कुत्र्याला ऊन थेट भाजतं, आणि केस पुन्हा येताना विस्कटलेले येतात ते वेगळंच. डोळ्यांवरची झुलपं एक तर कापा, नाही तर मऊ रबराने डोक्यावर शेंडी बांधा. रोज रात्री सोडायची. तळव्यांच्या गाद्यांमधले केस महिन्यातून एकदा सपाट करा, नाही तर गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात आणि या लहान कुत्र्यांची गुडघ्याची वाटी आधीच सरकायला टपलेली असते. शेपटीखालचे केस का कापायचे, ते एका जुलाबाच्या दिवशी आपोआप समजेल.

लांब केसांतली दुसरी पंचाईत म्हणजे गोचीड. आखूड केसांच्या कुत्र्यावर ते दिसतं, इथे शोधावं लागतं. फिरून आलं की बोटांच्या बेचक्या, कानांच्या पाळ्यांची आतली बाजू आणि पट्ट्याखालची मान चाचपा. आपल्याकडे गोचिडांतून होणारे ताप, एर्लिकिया आणि बबेसिया, वर्षभर दिसतात. कुत्रं मलूल होतं, खात नाही, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. असं दिसलं तर ‘उद्या बघू’ नको. रॉकेल चोळणं, गुरांचं गोचिडाचं औषध अंदाजाने पाण्यात घालून लावणं हे उद्योग करू नका. एवढ्याशा जिवाला ते विष आहे. महिन्याची गोळी किंवा मानेवर घालायचे थेंब वजनाप्रमाणे डॉक्टर देतात.

उन्हाळ्यात फिरणं सकाळी सातच्या आत आणि दिवेलागणीनंतर. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून बघा; तुम्हाला सोसली नाही तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापेवरच सगळी मदार. जोरात धाप, दाट लाळ, पाय लटपटणं, ही उष्माघाताची चिन्हं. साध्या पाण्याने पोट, काखा आणि पाय भिजवा, पंखा लावा आणि तसंच डॉक्टरांकडे धावा. बर्फाचं पाणी ओतू नका.

खाण्याबद्दल भांडण डॉक्टरांशी नसतं, घरातल्या आजीशी असतं. सात किलोच्या मोठ्या ल्हासाला दिवसाला साधारण ४०० ते ४७५ कॅलरी पुरतात. तूप लावलेली एक पोळी शंभर-सव्वाशेची. म्हणजे आजीने मायेपोटी दिलेली एक पोळी हा त्याच्या दिवसाच्या जेवणाचा पाव हिस्सा झाला, वर बिस्किटं वेगळी. नुसतं दूध-पोळीवर वाढवलेलं कुत्रं दिसायला गुबगुबीत आणि आतून उपाशी राहतं. घरचं घालायचं तर उकडलेलं चिकन किंवा अंडं, भात, भोपळा, गाजर, हे प्रमाण डॉक्टरांना विचारून बसवा. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल असलेला च्युइंगम हे कणभरही नको. कांदा-लसणाची फोडणी घातलेल्या आमटीचा भातही त्यातच आला. शिजवलेली हाडं फुटून टोचतात. नैवेद्याच्या ताटातला शिरा मनुकांसकट गट्टम केला म्हणून झिपरीला आम्ही भर गणपतीत उलटी काढवायला दवाखान्यात नेलं होतं. ढोलताशा चालू, ट्रॅफिक तुंबलेला, आणि ती मांडीवर बसून रस्त्यावरच्या प्रत्येकावर भुंकत होती.

दुखण्यांत डोळ्यांकडे पहिलं लक्ष द्या. कोपऱ्यात थोडी तपकिरी चिपडं येणं नेहमीचं. ओल्या कापसाने रोज पुसावीत. पण घट्ट, पिवळट, चिकट स्राव येत असेल आणि बुबुळाची चमक गेली असेल, तर डोळा कोरडा पडण्याचा आजार असू शकतो. ल्हासात तो बराच आढळतो. डॉक्टर कागदाची छोटी पट्टी पापणीत ठेवून मिनिटभरात अश्रू मोजतात. वेळेत कळलं तर मलमावर डोळा टिकतो, बहुधा जन्मभर घालावं लागतं. घरात उरलेले माणसांचे थेंब घालू नका. त्यातलं स्टेरॉइड बुबुळावर जखम असेल तर डोळाच घालवतं. तसंच आपल्या पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनच्या गोळ्या. तरुण ल्हासा वाजवीपेक्षा खूप पाणी पितो, खूप शू करतो, अंगाने भरत नाही असं दिसलं तर मूत्रपिंडाची तपासणी करा. या जातीत मूत्रपिंडाचा एक जन्मजात दोष चालत येतो. लांब पाठीचं कुत्रं असल्याने सोफ्यावरून उड्या नकोत, पायाशी एक उशी टाकून ठेवा. मादीला पिल्लं होऊ द्यायची नसतील तर डॉक्टरांशी बोलून वेळेवर शस्त्रक्रिया करून घ्या. गर्भाशयात पू होण्याचं दुखणं मध्यरात्री उद्भवतं आणि जिवावर बेतू शकतं. रेबीजची लस दरवर्षी, महापालिकेचा परवाना त्याबरोबरच. दात आठवड्यातून तीनदा तरी घासा, कुत्र्यांच्या पेस्टने. लहान जबड्यात दात दाटीवाटीने असतात आणि हिरड्या लवकर खराब होतात.

ही कुत्री बारा ते पंधरा वर्षं सहज जगतात, काही त्याहून जास्त. म्हणजे दुसरीतल्या मुलीसाठी आणलेलं पिल्लू तिची इंजिनिअरिंगची शेवटची परीक्षा बघतं. ती पुढे परगावी जाते, कुत्रं तुमच्याकडे राहतं. आणताना हा हिशोब स्वतःच्या वयाशी मांडून बघा.

झिपरीला वर्षभरापासून ऐकू येत नाही. म्हाताऱ्या, बहिऱ्या कुत्र्याला झोपेत एकदम हात लावू नये, दचकून चावतं. आधी जवळची फरशी पायाने हलकेच ठोकायची, मग नाकाशी हात न्यायचा, मग पाठीवर. केस आता अर्धा इंचच ठेवतो, तासन्‌तास विंचरून घेण्याएवढं तिचं कंबरडं राहिलेलं नाही. रात्री स्वयंपाकघरातला छोटा दिवा चालू असतो, तिला पाण्याचं भांडं सापडावं म्हणून. लिफ्ट आता तिला कळत नाही. मग तिने जागा बदलली. दाराच्या खालच्या फटीला नाक लावून ती आडवी पडते आणि पार्सलवाला जिना चढून आला की बेलच्या आधी दोनदा भुंकते. आम्ही उठतो, डोळा लावून बघतो, तिच्या पाठीवर हात ठेवतो आणि सवयीने म्हणतो, ‘बघितलं. बास.’